कोरडं तोंड आणि सुनंदाचं पुरण

दाढी करताना माझ्या मानेशी न्हाव्याला काही काम उरत नाही. जबड्याखाली दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या जागेत केसच येत नाहीत. नवा न्हावी असला की विचारतो, "भाजलं होतं का, आप्पा?" मी हो म्हणतो. ते अगदीच खोटं नाही. त्या जागेवर मला शेक दिलेला आहे. रेडिएशनला आमच्याकडे तेव्हाही शेकच म्हणायचे, आजही म्हणतात.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका घरातून फोन आला. त्यांच्या वडिलांना घशाचा शेक नुकताच संपला होता. मुलगा म्हणाला, "काका, बाबा काईच खाईनात. माझी बायको रोज नवं काहीतरी करून घालती, पन तोंडात घेतलं की काढून टाकतात. म्हनतात, हिला सैपाकच येत न्हाई."

काय खायला द्यायचं ते मी त्याला सांगितलं. बायकोला बोल लावू देऊ नकोस, हेही सांगितलं. पण हे मला कसं माहीत, ते सांगितलं नाही. फोन ठेवला आणि सुनंदासमोर जेवायला बसलो. सुनंदा माझी सून. ताटात भाकरी कुस्करून, वर गरम वरण ओतून, शेजारी पाण्याचा तांब्या, असं तिनं नेहमीसारखं वाढलेलं होतं. त्या दिवशी ठरवलं की आता लिहायचं. कोरड्या तोंडानं कसं जगायचं हे तर लिहायचंच, पण त्या कोरड्या तोंडानं मी काय बोलून बसलो, तेही.

गाठ

नव्वदच्या दशकातली गोष्ट. केजला बाजारपेठेत माझं किराणा दुकान होतं. दुकानाच्या दाराला शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्यांच्या माळा नुकत्याच लटकू लागल्या होत्या. समोर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ झाला होता. मी तंबाखू विशीपासून खात होतो. गिळताना काटा अडकल्यासारखं वाटायला लागलं, मग जबड्याखाली गाठ हाताला लागली. बीडच्या डॉक्टरांनी घशातला तुकडा काढून तपासायला पाठवला.

निकाल ऐकायला मी आणि माझी बायको कमल, दोघं गेलो. डॉक्टरांनी आधी चहा मागवला. मी वाणी माणूस; गिऱ्हाइकाला चहा कधी पाजतात ते मला कळतं. चहा यायच्या आतच मला निकाल समजला होता. तरी मी तो चहा पूर्ण प्यालो. कमलचा तसाच राहिला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मांजरसुंबा मागे पडेपर्यंत बोलली नाही. मग बाहेर बघतच म्हणाली, "शिवाचं लगीन ठरलंय, ते होऊन जाईल. पर शोभाला बघायला येनारेत."

शिवा आमचा थोरला, शोभा धाकटी.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्या रोगाचं नाव घरात घ्यायचं न्हाई. गाठ हाय म्हनायचं. गाठ तर हायच की."

तेव्हा घरात कॅन्सर आहे म्हटलं की पोरीची स्थळं उंबऱ्यावरून परत जायची. बापाचं दुखणं पोरीच्या रक्तात उतरतं, असं लोक धरून चालायचे. मी मान हलवली. आमच्या घरात पुढं जे काही झालं, ते त्या मान हलवण्यातून झालं. कमल आता नाही. तिच्या वाटणीचा दोषही मी माझ्याकडेच ठेवतो, कारण तिनं सुचवलं असलं तरी पुढचं तोंड माझं होतं.

शेक

शेकासाठी परजिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात जावं लागलं. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत आम्ही खोली घेतली. शिवा दुकान बघत होता. त्याला सांगितलं होतं की गाठ विरघळवायला शेक देतात.

मानेवर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या आणि त्या पुसू द्यायच्या नाहीत असं बजावलं. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग आम्ही अंगावेगळं करत नाही, पण यंत्राखाली जाताना ते काढावंच लागायचं. मी ते कमलच्या हातात द्यायचो. मी बाहेर येईपर्यंत ती दोन्ही तळव्यांत ते झाकून उभी राहायची. बाक रिकामा असला तरी बसायची नाही. "बस की गं," म्हटलं तर म्हणायची, "तुमी आत झोपलेलेच आसता. मग उभं ऱ्हायला कुनीतरी नको का?"

आत काहीच होत नाही. दुखत नाही, भाजत नाही. जाड दार लागतं, यंत्र घरघरतं, दार उघडतं. पहिल्या आठवड्यात मी म्हणालो, एवढ्यासाठी लोक इतके भितात? पुढं कातडी काळवंडली, घसा आतून सोलल्यासारखा झाला, आणि एके दिवशी ध्यानात आलं की तोंडात पाणी सुटत नाही. आधी थुंकी चिकट झाली, दोरीसारखी तार निघायची. मग तीही संपली.

बाकावर आमची एक मंडळीच जमली होती. सगळ्यांच्या हातात पाण्याची बाटली. त्या दिवसांत स्टँडवर बंद बाटलीतलं पाणी नुकतंच विकायला लागले होते आणि पाणी विकत घेणाऱ्याला लोक हसायचे. आम्ही तसल्या रिकाम्या बाटल्या धुऊन वापरायचो. मंडळीत एक एसटीचा कंडक्टर होता. तो म्हणाला, "शेठ, आपला दोघांचा धंदाच बुडाला. मला तिकीट फाडायला बोट ओलं लागतंय, तुमाला पुडी बांधायला कागद सुटा करायला. आता काय, पाशिंजराला म्हनू, बाबा, जरा तुझी जीभ दे?"

हसायला गेलो तर ओठ फाटला. तरी आम्ही हसलो.

डॉक्टरांनी मात्र मला समोर बसवून नीट सांगितलं होतं. थुंकी तयार करणाऱ्या ग्रंथी शेकाच्या वाटेत येतात. चव जाईल, ती काही महिन्यांनी हळूहळू परतेल. थुंकी मात्र पहिल्यासारखी होईलच असं नाही. दात सांभाळा, गोड चघळू नका. हे सगळं मी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

थुंकी काय असते ते ती गेल्यावर कळतं. जीभ टाळूला चिकटते आणि सुटताना टक्‌ आवाज होतो. बोलताना शब्द तोंडातच अडकतात. पहाटे जाग येते तेव्हा तोंडात लाकूड ठेवल्यासारखं वाटतं. ज्वारीची भाकरी चावली की तिचं पुन्हा पीठ होतं. घास होत नाही. आपण जन्मभर समजत असतो की घास हातानं होतो.

पहिला सोमवार

शेक संपवून आलो आणि महिन्याभरात शिवाचं लग्न झालं. मुलगी तेलगावची, सुनंदा. सावळी, हसरी, आणि कामाला हात चटकन जाणारा. लग्नाच्या धावपळीत मी ताक आणि पेज पिऊन भागवलं. घसा बसलाय म्हणून सांगितलं, मानेला उपरणं गुंडाळलं, कोणी फार खोदून विचारलं नाही.

आमच्या घरात रीत अशी की नव्या सुनेनं लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी पुरण घालायचं. आधी स्वामींचं, म्हणजे आमच्या जंगम गुरूंचं जेवण. मग भाऊबंदांची पंगत. पंगतीत घरातल्या कर्त्यानं पहिला घास घ्यायचा आणि सुनेच्या हाताला चव कशी आहे ते बोलायचं. तो बोलल्याशिवाय कोणी हात लावत नाही.

आणि माझ्या जिभेचं बाजारात नाव होतं. गुळाचा खडा जिभेवर ठेवून तो कोणत्या गावच्या गुऱ्हाळाचा ते मी सांगायचो. माणसं मुद्दाम पैज लावायला यायची.

स्वामी दोन पोळ्या जेवून, आशीर्वाद देऊन गेले. ते जेवताना बोलत नसत. मग पंगत बसली. माझ्या उजव्या बाजूला आक्का, माझी थोरली बहीण, अंबाजोगाईला दिलेली. समोर सगळे भाऊबंद. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरून उभी.

मी पोळीचा तुकडा तुपात बुडवून तोंडात घातला. तूप विरघळलं आणि पुरण तसंच टाळूला बसलं. जिभेनं ढकलायला गेलो तर जीभही त्यात रुतली. चव काहीच नाही, ओल्या मातीचा गोळा. घशाकडं गेलं आणि उमासा आला. सगळ्यांच्या देखत मी तो घास हातात काढला.

 मला दोन वाक्यं पुरली असती. शेकामुळं मला गिळता येत नाही, तुम्ही जेवा, पोरीच्या हाताला चव आहे. एवढंच. पण समोर शोभाच्या स्थळाकडचा एक पाहुणा बसला होता. सगळ्यांच्या नजरा माझ्या उपरण्यावर आल्यासारखं मला वाटलं. मी म्हणालो, "कडू लागतंय."

आक्कानं लगेच आपल्या ताटातला तुकडा मोडला. जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "व्हय रे आप्पा. लागतंय खरं."

"गूळ जळला असंल," एक भाऊ म्हणाला.

"गूळ न्हाई, डाळ खाली लागली. वास येतोय."

"वेलदोडा सालीसकट कुटला का काय?"

एकेकानं चाखलं आणि एकेकाला ते कडू लागलं. हे मी आजही समजू शकलेलो नाही. खोटं कोणी बोलत नव्हतं. तोंडं वाकडी होत होती, आणि ती खरी वाकडी होत होती. मी कमलकडं पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. तिनं घास खाल्ला, खाली बघितलं आणि म्हणाली, "हां. जरासं."

दारात सुनंदा नव्हती.  थोड्या वेळानं ती दूध-पोह्यांचं पातेलं घेऊन आली आणि खाली मान घालून वाढत गेली.

उष्टं ताट

त्यानंतर मी खरं सांगू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी. पण शोभाची बोलणी चालू होती, आणि एकदा कडू म्हटल्यावर त्याला रोज थोडा टेकू द्यावा लागतो. सुनंदानं पिठलं केलं, मी दोन घासांत ताट सारलं. वांगं केलं, तिखटानं तोंडात आग झाली, मी उठलो. तिनं मीठ कमी केलं, जास्त केलं, तेल बदललं. मी रोज वाळत होतो आणि तिनं वाढलेलं ताट रोज भरलेलं परत जात होतं.

आक्का आली की माझ्या दंडाला हात लावून बघायची. "काय रे हे! हाडं लागायलीत. सून आनली का उपास आनला घरात?"

हे ती सुनंदाला ऐकू जाईल असं बोलायची. मी "तसं न्हाई गं" म्हणायचो, आणि पुढं काही म्हणायचो नाही. गल्लीत बोललं जाऊ लागलं की सून सासऱ्याला उपाशी मारते. शिवा पोरगा चांगला, पण नवा नवरा. तो आईला विचारायचा, "ही असं कावून करती? बाबांना काय आवडतं ते नीट इचारून करना का?" आई गप्प. मग तो बायकोवर चिडायचा.

पंचमीला सुनंदा माहेरी गेली. पंचमी झाली, राखी झाली, पोळाही झाला. तिला आणायला कोणी गेलं नाही. एकदा सकाळी आक्का शिवाला समोर बसवून म्हणाली, "तिच्या बापाला मी निरोप धाडलाय. पोरगी सैपाक शिकली की कळवा म्हनलं. न्हाईतर दुसरी पोरगी बघाया काय, केज काय ओसाड पडलंय?"

 शिवानं नाही म्हटलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे खरंच घडू शकतं. मी माझ्या पोरीचं घर बसावं म्हणून दुसऱ्याच्या पोरीचं उठवत होतो.

तेलगाव

कोणालाच न सांगता निघालो. धारूरवरून जीप बदलत तेलगावला पोचलो. मांडीवर बाटली, घोट घोट पाणी पीत. जीपवाला म्हणाला, "काय शेठ, इहीर घेऊन निघालात का संगं?"

सुनंदाच्या घरी तिच्या आईनं लाडू-चिवड्याची बशी पुढं केली आणि दाराला टेकून उभी राहिली. वडील चुलीच्या दिशेनं तोंड करून बसले होते. मी म्हणालो, "हे मला खाता येनार न्हाई."

"आमच्या घरचंबी कडू लागतंय व्हय?" आई म्हणाली.

सुनंदा आतून आली. "आई, गप ऱ्हा." ती वाळली होती, माझ्यासारखीच.

मी उपरणं काढलं. मान दाखवली. आणि तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. "मला कॅन्सर झालाय. शेक दिला, त्यानं तोंडाची थुंकी गेली. चव गेली. तुझं पुरण कडू न्हवतं, सुनंदा. मला काईच लागत न्हवतं. गिळता येईना आन् सांगता येईना, म्हनून बोललो."

 मला वाटलं ती रडेल, किंवा आजाराचं विचारील. ती चिडली. नव्या सुनेचा सगळा संकोच टाकून चिडली.

"मी हितं आईच्या हातचं चाखून बघायची, आप्पा. रोज. आईला इचारायची, हे गोड हाय का? हे खारट हाय का? मला वाटलं माझीच जीभ गेलीय. चाळीस मान्सं म्हनली कडू हाय, आन् मला गोड लागलं. मी येडी का काय? कावून सांगितलं न्हाई मला? मी काय गावभर दवंडी देनार होते?"

 मी बाटली तोंडाला लावली, पाणी अंगावर सांडलं. तिनं ते पाहिलं. आत गेली. आईला वाटलं ती आता येत नाही, मलाही. ती वाटी घेऊन आली. वाटीत ताकात कालवलेला मऊ भात होता, मिठाशिवाय दुसरं काही नाही.

"हे जातंय का बघा."

गेलं. सावकाश गेलं, पण गेलं. तिच्या वडिलांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड माझ्याकडं फिरवलं.

ती त्याच दिवशी माझ्याबरोबर निघाली. आई नको म्हणत होती. जीपमध्ये बसताना सुनंदानं मला सांगितलं, "यांना आजच सांगायचं, माझ्यासमोर. शोभावन्संचं जमंस्तवर भाईर काय बोलू नका. मी सोशीन तवर."

तवर, म्हणजे तोपर्यंत. हा शब्द मी विसरायला नको होता.

भेंडीचा गोंद

शिवाला सांगितलं. तो उठून दुकानात गेला आणि तंबाखूच्या, गुटख्याच्या सगळ्या माळा काढून पोत्यात कोंबल्या. आठवडाभरानं त्या पुन्हा टांगाव्या लागल्या, कारण गिऱ्हाईक मागायचं. मी त्याला काही म्हणालो नाही. पण सांगितलं त्या रात्रीपासून तो बायकोच्या बाजूला बसून जेवायला लागला.

आता ज्यांच्या घरी माझ्यासारखा माणूस आहे, त्यांच्यासाठी सुनंदानं काय केलं ते लिहितो. यातलं काही डॉक्टरांना विचारून करा.

भाकरी कोरडी कधीच वाढायची नाही. गरम वरणात किंवा दुधात कुस्करून, बोटानं दाबली की बोट आत गेलं पाहिजे. उडदाच्या घोटलेल्या डाळीचं घुटं, मिरचीऐवजी जिऱ्याची फोडणी. ज्वारीची आंबील, पण फार आंबट होऊ द्यायची नाही, तोंड झोंबतं. जवस रात्री भिजवून सकाळी त्याचं बुळबुळीत पाणी गाळून प्यायचं. झोपताना जिभेला, ओठांना तूप. प्रत्येक घासाबरोबर घोट. आणि भेंडी. जी बाई भेंडी बुळबुळीत करते तिला आमच्याकडं नावं ठेवतात. सुनंदानं ती मुद्दाम पाण्यात शिजवून तार सुटेल अशी केली. ती घशातून अशी उतरली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडात येत नव्हतं ते डोळ्यांत आलं.

शिवाच्या ताटातही तीच. तो म्हणाला, "ही भाजी हाय का गोंद? पतंग चिटकवू का हिच्यानं?"

"ती आप्पांची हाय. तुमी लोनच्यासंगं खावा."

"आगं, लोनचंबी चिटकून बसलंय हिच्यात."

कमल तोंडाला पदर लावून हसली. एसटीतल्या त्या दिवसापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती.

एक चूक आमची सगळ्यांची झाली. शेक म्हणजे उष्णता, आणि उष्णतेवर खडीसाखर थंड, असा हिशेब. येणारा प्रत्येक जण मायेनं खडीसाखर आणायचा आणि मी ती गालात धरून ठेवायचो. थोडं बरं वाटायचं. डॉक्टरांचं सांगणं मी सुनंदापासूनही लपवलं, कारण तेवढंच एक सुख होतं. थुंकी नसलेल्या तोंडात साखर दात खाऊन टाकते. माझे एकामागून एक किडले. आणि शेक दिलेल्या जबड्यातला दात उपटणंही सोपं नसतं, जखम भरत नाही. तुम्ही ही चूक करू नका. खडीसाखर आणणाऱ्याला प्रेमानं नाही म्हणा.

चिंच

पुढच्या उन्हाळ्यात दुकानात नव्या चिंचेचं पोतं उघडत होतो. वास आला आणि दोन्ही कानांखाली टोचल्यासारखं झालं. मला वाटलं, गाठ परत आली. हात लावून बघितलं. मग जिभेखाली काहीतरी ओलं लागलं. थेंबभर. मी पोतं तसंच टाकून घरात गेलो. सुनंदा तांदूळ निवडत बसली होती. मी नुसती जीभ बाहेर काढून दाखवली.

"अय्या, आप्पा!" म्हणाली, आणि मग दोघंही हसत सुटलो. कमल बाहेरून विचारत होती, काय झालं, काय झालं.

थुंकी पूर्ण कधीच आली नाही. आजही बाटलीशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. पण चव परतली, आणि जगायला तेवढं पुरतं.

तवर

शोभाचं लग्न झालं. आता बोलायला हवं होतं. पण मग वाटलं, तिच्या सासरची माणसं म्हणतील आम्हाला फसवलं. मग तिचं बाळंतपण आलं. मग दुसरं. मग ती गोष्ट जुनी झाली. पण आक्कानं ती जुनी होऊ दिली नाही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, "आमच्या सूनबाईंचं कडू पुरन" असं करून ती हात नाचवत सांगायची आणि सगळे हसायचे. सुनंदाही हसायची. घरात पुरण घालायचं असलं की ती आपणहून बाजूला व्हायची आणि दुसऱ्या कोणाला पुढं करायची. इतक्या वर्षांत तिनं मला एकदाही आठवण करून दिली नाही.

गेल्या महिन्यातल्या त्या फोननंतर मी अंबाजोगाईला गेलो. आक्का आता खाटेवरच असते, पण कान आणि जीभ शाबूत आहेत. मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं.

"तुला कॅन्सर झालता हे मला आज सांगतो व्हय?" ती म्हणाली. "सगळ्या केजला ठावं होतं. तूच एकटा कुनाला सांगत न्हवता."

"शोभाच्या सासरी?"

"तिच्या सासऱ्यानं मलाच इचारलं होतं. मी म्हनलं, हाय, पर गडी चिवट हाय. तो म्हनला, मग हरकत न्हाई."

 ज्यासाठी सुनंदाचं नाव मातीत घातलं, ते लपलेलंच नव्हतं.

"मग आक्का, पुरन कडू न्हवतं हेबी तुला ठावं असंल."

"ते कडूच होतं," आक्का म्हणाली. "मी सोता खाल्लंय."

"आगं, मी खोटं बोललो होतो!"

"तू बोल खोटं न्हाईतर खरं. माझी जीभ काय तुझ्या गाठीनं गेलती? कडू म्हंजे कडू."

"स्वामी दोन पोळ्या जेवले की."

"सामी कशाला नावं ठेवतील!"

तिला पटवता आलं नाही. आणि ज्यांनी त्या दिवशी चाखलं होतं त्यातले बरेच आता नाहीत. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. ते पुरण गोड होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण त्या पंगतीत चव नसलेला माणूस मी एकटाच होतो. कडू म्हणायचा मला अधिकार नव्हता, एवढंच सांगू शकतो.

घरी आल्यावर सुनंदाला आक्काचं बोलणं सांगितलं. ती हसली. मग मी तिला म्हणालो, "सुनंदा, त्या दिवशी तू खाल्लं होतंस ना? कसं झालतं गं?"

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे तिला आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

"जायफळ जरा जास्त झालतं, आप्पा," ती म्हणाली. "बाकी ब्येस झालतं."